विषय: होप व्हॅलीची सायकल फेरी – रस्ता, चढ आणि ईममधला थांबा

प्रेषक: केतकी (सहल समिती)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या तालमी सुरू व्हायच्या आत, जुलैतल्या एखाद्या रविवारी पीक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे शेफिल्डलगतच्या डोंगराळ भागात, सायकल फेरी काढायची असं समितीत ठरलं आहे. आजवर आपण कालव्याकाठच्या सपाट वाटांवर गेलो, या वेळी बऱ्याच जणांना खऱ्या डोंगरातून जायचंय. शेफिल्डपासून जवळ, एका दिवसात होणारा, सगळा डांबरी आणि जिथून निघालो तिथेच परत आणणारा रस्ता कोणी सुचवेल का? मंदारदादा, तुम्ही त्या भागात नेहमी जाता, जरा सविस्तर लिहा. दोन-तीन जण पहिल्यांदाच घाट चढणार आहेत, तेवढं लक्षात असू द्या.

केतकी

---

प्रेषक: मंदार

केतकी आणि सगळ्यांना नमस्कार,

माझं मत विचाराल तर हेदरसेजहून निघावं. मग ग्रिंडलफर्ड, ईम, फूलो, ग्रेट हकलो, ब्रॅडवेल, होप, कॅसलटन, विनॅट्स पास आणि मॅम निक या दोन खिंडी, ईडेल आणि होपवरून परत हेदरसेज. साधारण ५० किलोमीटर होतात. अंतर ऐकून कोणी निर्धास्त राहू नका. सपाट म्हणावा असा रस्ता डरवेंट नदीकाठी सुरुवातीला आणि शेवटी ईडेलहून परतताना, एवढाच. बाकी चढ नाहीतर उतार.

हीच फेरी का, तर इथे या डोंगरांचे दोन्ही दगड बघायला मिळतात. हेदरसेजच्या डोक्यावर स्टॅनेजचा कडा आहे, तो काळपट ग्रिटस्टोनचा, म्हणजे खरखरीत वालुकाश्माचा. त्यातून पूर्वी गिरणीची जाती घडवत. घडवून तशीच सोडून दिलेली दगडी चाकं कड्याखाली गवतात अजून पडलेली आहेत. ग्रिंडलफर्डचा चढ संपवून ईमच्या पठारावर आलात की शेतांच्या बांधांचा रंगच पालटतो. इथून पुढे पांढुरका चुनखडक. चुना-माती न लावता दगडावर दगड रचलेले हे बांध, आपल्या कोकणातल्या गडग्यांसारखे, फूलोपासून हकलोपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांनी सोबत येतात. पाणी प्यायला थांबाल तेव्हा एखादा दगड जवळून बघा. शिंपल्यांचे आणि समुद्री लिली नावाच्या प्राण्याच्या देठांचे ठसे असतात, गोल चकत्या एकावर एक ठेवल्यासारखे. सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. मग मॅम निकची खिंड ओलांडली की पुन्हा काळा दगड, आणि समोर किंडर स्काउटचं आडवं पसरलेलं पठार, ६३६ मीटर, या भागातलं सगळ्यात उंच. अर्ध्या दिवसात एवढं सगळं दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर दिसत नाही.

आता विनॅट्स. दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे सुळके आणि मधून एकच रस्ता. काही ठिकाणी चढ २० टक्क्यांच्याही वर जातो. ब्रिटनची राष्ट्रीय हिल क्लाइंब, म्हणजे चढावरची सायकल स्पर्धा २०२१ साली इथेच झाली, यावरून काय ते समजा. हा चढ गाड्याघोड्यांना झेपेना म्हणून १८१९ च्या सुमारास मॅम टॉर डोंगराच्या उतारावरून वळसा घालणारा रस्ता काढला होता. पण त्या डोंगराचं तोंड चिखलदगडाचं, पावसाळी दिवसांत सारखं घसरणारं. दुरुस्ती करून करून थकले आणि १९७९ मध्ये रस्ता कायमचा बंद केला. कॅसलटनच्या बाजूने चालत जाऊन तो बघता येतो. तुटलेल्या कडेला डांबराचे थर एकावर एक दिसतात, दर दुरुस्तीचा एक. तेव्हापासून मोटारी पुन्हा विनॅट्समधूनच जातात. म्हणून सांगतो, रविवारी आपण दहाच्या आत तिथे पोचलो पाहिजे. त्यानंतर मोटारींची रांग मागे लागते आणि नवख्या माणसाला चढावर श्वास घ्यायलाही उसंत मिळत नाही.

सायकलला पुढचं छोटं दातेरी चक्र ३४ दातांचं आणि मागच्या चाकाच्या कॅसेटमधलं (दातेरी चक्रांच्या संचातलं) सगळ्यात मोठं ३२ किंवा ३४ दातांचं असेल तर बसून चढता येईल. नसेल तर दुकानात जाऊन बदलून घ्या, गुडघे आयुष्यभर वापरायचे आहेत.

मंदार

---

प्रेषक: निखिल

मंदारदादा, मस्त रस्ता. दोन शंका.

एक, हीच फेरी उलटी का करू नये? म्हणजे होपहून आधी ईडेल, तिथून मॅम निक चढायचं आणि विनॅट्स उतरायचं. नवख्यांना तो उभा चढ टळेल.

दुसरी गाडीची. हेदरसेजला ट्रेनने जाऊ असं काही जण म्हणतायत, पण त्या लोकल गाडीत साधारण दोनच सायकली घेतात, आधी येईल त्याला जागा. आपण दहा-बारा जण. मी आणि आणखी दोघे-तिघे शेफिल्डहून रिंगिंगलो गावावरून सायकलनेच येऊ. बाकीच्यांनी मोटारीवर सायकली लादून आणाव्यात.

निखिल

---

प्रेषक: सुनंदा

सर्वांना सप्रेम नमस्कार,

मी काही सायकलवर येणार नाही, पण ईमबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मंदार, तुझ्या पत्रात ते फक्त वाटेवरचं एक गाव म्हणून आलंय. बाळा, तिथे निदान पाऊण तास थांबा.

१६६५ साली लंडनमध्ये प्लेग होता. तिथून ईमच्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, आणि त्यातल्या पिसवांबरोबर रोग आला असं मानतात. शिंप्याकडे काम करणारा जॉर्ज विकर्स सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेला. हिवाळ्यात साथ मंदावली, उन्हाळा येताच पुन्हा उसळली. तेव्हा, जून १६६६ मध्ये, गावचे पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे पाद्री थॉमस स्टॅन्ली यांनी मिळून गावाला राजी केलं की कोणीही वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. दोघांचं धर्माच्या बाबतीत पटत नव्हतं, तरी या कामात ते एक झाले. बाहेरची माणसं धान्य वेशीवर ठेवून जात. नाण्यांतून रोग जाऊ नये म्हणून गावकरी पैसे व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवत. शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या बाजूला तो वेशीचा दगड अजून आहे. त्यातले खळगे कडेने झिजून गुळगुळीत झालेत, बोट आत घालून बघा. चर्चला कुलूप लावून प्रार्थना उघड्यावर, कुकलेट डेल्फच्या घळीत होत, म्हणजे माणसं एकमेकांपासून लांब उभी राहतील. गावाबाहेर पूर्वेला रायलीची थडगी आहेत. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने तिथे आठ दिवसांत आपला नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली.

माझी आजी साताऱ्याकडच्या प्लेगचं सांगायची. उंदीर पडायला लागले की सगळं गाव घरांना कुलपं लावून माळावर झोपड्या टाकून राहायचं. गाव सोडलं तरच जीव वाचे. ईमच्या लोकांनी याच्या अगदी उलट केलं आणि तेही स्वतःला वाचवायला नव्हे, शेजारच्या गावांना वाचवायला. मी सारी नोकरी सार्वजनिक आरोग्यात केली. लोकांना घरात थांबा म्हणून सांगणं किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे. सायकलचे कपडे घालून त्या चर्चच्या आवारात गेलात तर काही बिघडत नाही. मॉम्पेसन यांच्या पत्नी कॅथरीन यांची कबर तिथे आहे. त्या गाव सोडून गेल्या नाहीत आणि ऑगस्ट १६६६ मध्ये प्लेगनेच गेल्या. दोन मिनिटं उभे राहा तिथे.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्याच घळीत स्मरणाची प्रार्थना असते. कधीतरी मंडळाने तिलाही जावं असं मला मनापासून वाटतं.

सुनंदाकाकू

---

प्रेषक: मंदार

काकू, तुमचं पत्र वाचून वेळापत्रक बदललं. हेदरसेजहून सातऐवजी साडेसहाला निघू, म्हणजे ईमला पाऊण तास देऊनही विनॅट्स वेळेत गाठता येईल. तो वेशीचा दगड मी आजवर लांबूनच पाहिला होता.

निखिल, उलट्या फेरीला माझा साफ विरोध आहे. विनॅट्स चढताना दमलात तर उतरून सायकल ढकलता येते, त्यात लाज कसली? उतरताना मात्र उभा सरळ रस्ता, मोकळ्या फिरणाऱ्या मेंढ्या आणि पायथ्याशी गुहा बघायला आलेली माणसं. ओल्या दिवशी तर ब्रेक दाबून दाबून हात सुन्न होतात. मॅम निकचा ईडेलकडचा उतारही वळणावळणाचा आहेच, पण तिथे वळणं पुढून दिसतात आणि वेग आपोआप कमी ठेवावा लागतो. दोन्ही हात खालच्या दांड्यावर, पुढच्यापासून सहा-सात सायकलींचं अंतर, आणि जनावरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या लोखंडी जाळ्या सरळ रेषेत ओलांडा, त्यांच्यावर असताना वळू नका, ब्रेक दाबू नका.

ज्यांना विनॅट्स नको त्यांच्यासाठी सोपी सोय आहे. होपला गट फुटेल. ते होपहून थेट ईडेलच्या दरीत शिरतील, तो रस्ता हळूहळू चढत जातो, आणि आम्ही वरून उतरून त्यांना ईडेलला भेटू. तिथेच दशम्या सोडू. पेनाइन वे ही सुमारे ४३० किलोमीटरची पायवाट त्याच गावातून सुरू होते, तेव्हा चिखलाने माखलेली माणसं तिथे कोणाला नवी नाहीत. परतताना सगळे बरोबर.

लेडीबाऊर तलाव मुद्दाम गाळला आहे. सुंदर आहे, पण तिथला हमरस्ता मोटारींचा, नवख्यांना घेऊन जायला नको.

मंदार

---

प्रेषक: केतकी (सहल समिती)

सगळ्यांचे आभार. मंदारदादांचा रस्ता, त्यांनी सांगितलेल्या दिशेने, पक्का. ईमला पाऊण तास, काकूंच्या म्हणण्याप्रमाणे. होपला दोन गट होतील आणि ईडेलहून पुढे एकत्र. काकू, तुम्ही मोटारीने थेट ईमला या आणि सगळं आम्हाला तुम्हीच दाखवा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. तुम्हाला न्यायची जबाबदारी माझ्या नवऱ्याने घेतली आहे.

सोबत प्रत्येकाने दोन ट्यूब, पंप, पाण्याच्या दोन बाटल्या आणि वाऱ्याचं जाकीट आणावं. पठारावर जुलैतही गार वारा असतो. शेंगदाण्याची चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू मंडळाकडून. घाट कधीच न चढलेल्यांनी आधीच्या दोन रविवारी निखिलबरोबर रिंगिंगलोचा चढ करून बघावा, ही अट समजा.

घरची मंडळी आणि लहान मुलं येणार असतील तर हेदरसेजला १९३६ पासूनचा उघडा, गरम पाण्याचा जलतरण तलाव आहे. सायकलवाले परत येईपर्यंत मुलं तिथे रमतील. तिकिटं आधी काढावी लागतात, म्हणून मुलांची नावं आणि वयं मला गुरुवारपर्यंत याच पत्राच्या उत्तरात कळवा.

केतकी