कोरं टेम्प्लेट, तरी फाइल १४ एमबीची. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

देवगडजवळच्या गावातून लिहितेय. काकांचा हापूस वाशीच्या मार्केटला जातो आणि गाडीबरोबरच्या पावत्या मी वर्डमध्ये करते. वर नाव-पत्ता, आंब्याचं छोटं चित्र, खाली पेट्या, डझन आणि भाव यांचा तक्ता. त्याचं टेम्प्लेट करून ठेवलंय. मजकूर एका पानाचाही नाही, पण फाइल १४ एमबीच्या वर! त्यावरून केलेली प्रत्येक पावतीही तेवढीच. जीमेलची मर्यादा २५ एमबी, म्हणजे एका मेलमध्ये दोन पावत्या जात नाहीत. त्यात रेंज येते ती पडवीच्या एका कोपऱ्यात. परवा गाडी भरून उभी, काका दारातून विचारतायत, "गो, पावती अजून जावक नाय?" आणि अपलोड अर्ध्यावर अडकलेलं. फार जिवाला लागलं.

आधी चित्रावर संशय होता. ते कॉम्प्रेस केलं, मग काढूनच टाकलं, जेमतेम ६० केबी कमी झाले. नव्या नावाने सेव्ह केलं, तेही व्यर्थ. शेवटी फाइलची कॉपी करून तिचं एक्स्टेन्शन झिप केलं आणि आत पाहिलं. 'वर्ड' फोल्डरमध्ये 'फॉन्ट्स' नावाचं फोल्डर, त्यात ओडीटीटीएफ (वर्डने आत साठवलेला फॉन्ट) प्रकारची एकच फाइल, झिपमधून सुटी केल्यावर २२ एमबीची. मराठी मजकुराचा फॉन्ट एरियल युनिकोड एमएस आहे.

हे फोल्डर झिपमधूनच उडवू का? आणि फॉन्ट काढला तर वाशीला मराठीच्या जागी चौकोन दिसतील का? पीडीएफ चालत नाही, कारण तिकडचे व्यापारी त्याच फाइलमध्ये पोचलेल्या पेट्या भरून परत पाठवतात.

प्रतिसाद:

ताई, झिपमधून काही उडवू नका, वर्ड फाइल खराब झाल्याचं सांगेल. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जा. तळाशी फॉन्ट एम्बेड करायच्या, म्हणजे फाइलच्या आतच साठवायच्या चौकटीत टिक असेल, ती काढा. शेजारची 'वापरलेलीच अक्षरं एम्बेड करा' ही सोय टेम्प्लेटला उपयोगाची नाही, तुम्ही पुढे कुठली अक्षरं टाइप कराल ते तिला काय माहीत?

एरियल युनिकोडमध्ये चिनी, जपानी, कोरियनसकट पन्नास हजारांच्या आसपास चिन्हं आहेत, म्हणून तो एवढा जड. जुन्या ऑफिसबरोबर यायचा. त्याऐवजी निर्मला यूआय घ्या, विंडोज ८ पासून तो असतोच. मंगल नको, विंडोज १० पासून तो काही मशीनवर वेगळा टाकावा लागतो. फॉन्ट बदलताना कंट्रोल-डी दाबून 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'च्या रकान्यात बदला, नॉर्मल स्टाइलमध्येसुद्धा. मराठीला लागू होतो तो तिथला फॉन्ट.

चौकोनांची काळजी नको. मजकूर युनिकोड आहे, म्हणजे अक्षरं कुठल्याही एका फॉन्टवर अवलंबून नाहीत, फॉन्ट नसला तर वर्ड दुसरा देवनागरी फॉन्ट लावतो, फक्त वळण बदलतं. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलं असतं तर मात्र तिकडे रोमन अक्षरांची गिचमिड दिसली असती.

एक राहिलं. टेम्प्लेटवर डबल क्लिक केलं की त्यावरून नवीन फाइल उघडते, मूळ टेम्प्लेट तसंच राहतं. राइट क्लिक करून 'ओपन' म्हणा.

धागाकर्ती:

दादा, इथेच चुकत होतं! मी दर वेळी डबल क्लिक करत होते, त्यामुळे बदल टेम्प्लेटमध्ये जातच नव्हते. आता चित्रासकट ९० केबी. चाचणीची पावती वाशीला पाठवली, त्यांनी उघडून फोन केला. 'द्राक्ष' आणि 'क्रमांक' मुद्दाम लिहून ठेवले होते, जोडाक्षरं नीट दिसली. जुन्या पावत्यांतही टिक वेगळी काढावी लागते असं दिसतंय, या आठवड्याच्या अकरा आहेत. आज रात्री एकेक उघडून करते.