गिझर सोलर पॅनलवर चालवू की वेगळा सोलर हीटर घेऊ?

प्रश्न: छतावर जागा मोजकीच. आई-बाबा धरून आम्ही पाच जण, रोज 200 लिटर गरम पाणी लागतं. पॅनल वाढवून त्यावरच गिझर चालवू का?

उत्तर: नको. एवढं पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 8 युनिट लागतात. पॅनल उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलतं. चांगला हीटर निम्म्याच्या आसपास उष्णता थेट पाण्यात उतरवतो. मी हीटरच बसवला, उरलेल्या जागेत पॅनल. पॅनलखाली हात जाईल एवढी फट मात्र ठेवा, वारा खेळू द्या. तापलं की वीज घटते. खालची खोलीही सावलीने गार राहते.

प्रश्नकर्ता: वीज गेल्यावर पंखे चालतील ना?

दुसरं उत्तर: बॅटरी नसेल तर नाही. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा) लगेच बंद होतो, तारांवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून.