खानापुरात घर बांधावं की बेळगावातच राहावं?

शहापूरची भाडेकरू:
नमस्कार मंडळी. शहापुरात दोन खोल्यांत नऊ वर्षं झाली. खाली यंत्रमाग, दिवसभर खटखट. धाकटा त्या आवाजातच झोपायला शिकला, आता माग बंद पडला की दचकून उठतो. थोरली सात वर्षांची, हा तीनचा.

खानापुरात सासरचे तीन गुंठे पडून आहेत. सासूबाई शेजारच्याच जुन्या कौलारू घरात एकट्या असतात. ह्यांचं म्हणणं, तिथंच बांधूया. मुलांना अंगण, मराठी शाळा चालत जाण्याजोगी, आजी जवळ. ह्यांची नोकरी उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. मी नेहरूनगरला एका दवाखान्यात बिलिंगला, नऊ ते साडेपाच. दुसरा पर्याय येळ्ळूर रोडच्या बाजूला दोन गुंठ्यांचा प्लॉट. त्यासाठी कर्ज काढावं लागेल, वर थोडं सोनंही मोडावं लागेल. रोज ये-जा केलेल्यांनी सांगा, खानापूर झेपेल का?

उद्यमबागकर:
झेपेल की! खानापूर आता लांब राहिलंय होय? 26 किलोमीटर, रस्ता चारपदरी झालाय. टू-व्हीलरला टोल नाही. मी मच्छेपासून पुढच्या गावातून येतो, शहरातल्या माणसाआधी पंच करतो. पेट्रोलचा हिशेब सांगतो. जाऊन येऊन 52, महिन्याला 25 दिवस म्हणजे 1300 किलोमीटर. गाडीनं 50 चं ॲव्हरेज दिलं तर 26 लिटर. तेवढ्यात शहापुरात खोलीचं भाडं तरी भागतं का?

जुनी पासवाली:
दादा, तुमचं सगळं बरोबर, पण ते वहिनींच्या मालकांपुरतं. उद्यमबाग खानापूर रोडलाच आहे, त्यांना गावात शिरायचंच नाही. वहिनींना शहर आडवं कापून पार पलीकडं जायचंय. त्यांचे 26 किलोमीटर गोगटे सर्कलला संपत नाहीत, तिथून खरे सुरू होतात.

मी अकरा वर्षं खानापूर-कॅम्प केलं. सकाळचं काही वाटत नाही, डबा भरला की पाय आपोआप स्टँडकडं वळतात. संध्याकाळ जड जाते. साडेपाचला सुटलं की नेहरूनगरहून सीबीटीला, म्हणजे मुख्य बसस्टँडला या, तिथं बसची वाट बघा. गोगटे सर्कलला थांबलात तर बस आधीच भरून आलेली असते, ड्रायव्हर हात दाखवून पुढं निघून जातो. 11 जून 2023 ला बायकांना फुकट बसची शक्ती योजना आली, तेव्हापासून बायकांचं तिकीट वाचलं आणि बसायची जागा गेली. आधार कार्ड जवळ ठेवा, आणि बस गोव्याची आहे का बघून चढा, आंतरराज्य गाडीला ते फुकट चालत नाही. मी उंबऱ्यात पाय ठेवायचे तेव्हा साडेसात वाजलेले असायचे. जुलैत त्याहून उशीर, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि पोरगं जेवून पेंगत असायचं.

एकदा साडेअकराला शाळेतून फोन आला, ताप चढलाय म्हणून. मी पोचले दीडला. तोवर शेजारच्या काकींनी त्याला पेज भरवून झोपवलं होतं. त्या काकी होत्या म्हणून माझी नोकरी टिकली, हे मी आजही म्हणते.

म्हणून माझे दोन प्रश्न. मालकांची शिफ्ट फिरती आहे का? कायम फर्स्ट असेल तर चारच्या आत ते घरी, मग अर्धं ओझं उतरलं. आणि सासूबाईंना कुणी विचारलंय का? आजी जवळ आहे म्हणजे आजी मोकळी आहे असं नाही. तीन वर्षांच्या पोरामागं दिवसभर धावायचं त्यांच्या गुडघ्यांनी.

वडगाव नाक्यावरचा:
येळ्ळूर रोडबद्दल थोडं. तो प्लॉट उन्हाळ्यात बघितलाय ना? मग ऑगस्टमध्ये परत बघा. त्या अंगाला बळ्ळारी नाल्याचं पाणी शेतात चढतं, 2019 च्या पुरात काय झालं ते वडगावात कुणालाही विचारा. तिथला बासमती पिकतो तो पाणी धरणाऱ्या जमिनीतच, घराच्या पायाला तीच जमीन सोसवत नाही. प्लॉट ग्रामपंचायतीत असेल तर फॉर्म 9 आणि 11अ, म्हणजे नियमात बसणाऱ्या जागेचे पंचायतीचे उतारे मागा. नियमात न बसणाऱ्या जागेचा 11ब हातात ठेवला तर बँकवाले कर्जाला मागंपुढं करतात. एजंट म्हणेल, होतंय सगळं. होऊ दे, मग सोनं मोडा.

आणि पिरनवाडी-मच्छेकडं भाड्यानं का बघत नाही? मालकांना कंपनी जवळ, तुम्हाला सिटी बस, सासूबाईंकडं रविवारी जाऊन येता येतं.

उद्यमबागकर:
पासवाली ताई, मान्य. माझी घरचीच घरी असते, म्हणून माझा हिशेब पेट्रोलवर थांबला.

शहापूरची भाडेकरू:
शिफ्ट फिरती आहे, ते लिहायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, माझ्या डोक्यातच नव्हतं. ह्यांना सेकंड असली की रात्री बारापर्यंत घरात मी एकटीच असणार, आणि मी तर साडेसातला पोचणार.

येळ्ळूर रोडचं तूर्त सोडलंय. जुलैत पंधरा दिवस मुलांना घेऊन खानापुरात राहते, तिथूनच ड्युटी करते, ह्यांची सेकंड शिफ्ट मुद्दाम त्यात येईल असं बघून. पिरनवाडीत एक खोली या रविवारी बघायला जातोय.

काल सासूबाईंना फोन करून सरळ विचारलं. थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला विचारायला तुम्हांस्नी दोन महिने लागले होय गे?" सांभाळीन म्हणाल्या, पण दुपारी दोन ते चार त्या झोपणार, आणि गुरुवारी भजन चुकवणार नाहीत.