शब्दचर्चा : 'एकाश्म स्तंभ' म्हणावे की 'सलग कॉलम'?

भाषांतरकार :
द्रव वर्णलेखनावरील (लिक्विड क्रोमॅटोग्राफी, म्हणजे 'कॉलम' नावाच्या भरलेल्या नळीतून द्रव वाहवून मिश्रणातील घटक वेगळे करण्याची पद्धत) एक प्रकरण मराठीत आणताना 'मोनोलिथिक कॉलम'साठी मी 'एकाश्म स्तंभ' असे लिहिले. ग्रीक 'मोनोस' म्हणजे एक आणि 'लिथोस' म्हणजे दगड, आणि वेरूळच्या कैलास लेण्यामुळे 'एकाश्म' हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. मजकूर तपासणाऱ्यांनी मात्र 'एकाश्म स्तंभ म्हणजे अशोकस्तंभ, नळीतल्या बहुवारिकाला (पॉलिमरला) अश्म कसे म्हणणार?' असा शेरा मारून तेथे 'एकसंध' घातले. 'एकाश्म' येथे खरोखर चुकतो का?

औषधनिर्मितीतील विश्लेषक :
आमच्या प्रयोगशाळेत सगळे 'मोनोलिथ'च म्हणतात, तरी शब्द ठरवण्याआधी वस्तू पाहावी. नेहमीच्या कॉलममध्ये ३ ते ५ मायक्रोमीटर व्यासाचे सिलिकाचे कण ठासून भरलेले असतात. कण बारीक केले की घटक अधिक स्वच्छ वेगळे होतात, पण व्यास निम्मा झाला तर त्याच प्रवाहासाठी चौपट दाब लागतो. मोनोलिथमध्ये कणच नसतात. अनारशाला पडते तशी जाळी पडलेली एकच कांडी नळीत असते. सिलिकाच्या कांडीत सुमारे २ मायक्रोमीटरच्या आरपार वाटांतून द्रव वाहतो आणि त्या वाटांच्या भिंतींमधील, सुमारे १३ नॅनोमीटरच्या छिद्रांत रेणू अडकत, सुटत पुढे सरकतात. त्यामुळे कमी दाबात भरपूर प्रवाह मिळतो. तेव्हा माझे मत 'सलग कॉलम' या शब्दाला.

रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक :
'सलग' सुचवताना आपण नकळत मूळ नावाजवळ गेला आहात. स्वीडनमधील उप्साला येथील येर्तेन यांनी १९८९ मध्ये दाबून बसवलेल्या जेलला अखंड बहुवारिक थर या अर्थाचे नाव दिले होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात श्वेट्स आणि फ्रेशे यांनी १९९२ मध्ये नळीतच बहुवारिकीकरण घडवले, तेव्हा त्यांनीही 'अखंड कांड्या' असेच म्हटले. दगडाचे नाव पुढे रुळले. म्हणजे ज्यांनी वस्तू घडवली त्यांच्या मनात आधी अखंडपणा होता, आणि तपासणाऱ्यांचा आक्षेप मला योग्य वाटतो.

भाषांतरकार :
सर, आपण बहुवारिकाची शाखा सांगितली, पण जपानमधील क्योटोची शाखा राहिली. नाकानिशी आणि सोगा यांनी सोल-जेल पद्धतीने, म्हणजे द्रावणाचे जेल करून, त्यातील प्रावस्था (एकमेकींत न मिसळणारे भाग) वेगळ्या होत असतानाच जेल गोठवून सच्छिद्र सिलिका बनवली, आणि १९९६ मध्ये तानाका यांच्यासह त्या गटाने तिच्या कांड्या वर्णलेखनासाठी वापरून दाखवल्या. २००० साली मर्क कंपनीने त्या बाजारात आणल्या त्या 'क्रोमोलिथ' या नावाने. सिलिका म्हणजे गारगोटीचेच द्रव्य. तिला अश्म म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

संस्कृतच्या अध्यापिका :
'एकसंध'मध्ये मला 'संधी', म्हणजे सांधा, दिसतो. ज्याला एकही सांधा नाही त्याला 'एक सांधा असलेला' म्हणणे मला खटकते. 'सलग' हा 'संलग्न'चा वंशज असावा असे मला वाटते, आणि तसे असेल तर त्यातही दोन वस्तूंचे चिकटणे गृहीत आहे. 'अखंड' निर्दोष आहे.

विश्लेषक :
ताई, व्युत्पत्तीने शब्द बाद करू लागलो तर मराठीत फार थोडे शब्द उरतील. 'एकसंध' ऐकून कोणाही मराठी माणसाला सांधा आठवत नाही. माझा खरा आक्षेप 'स्तंभ' या शब्दाला आहे. स्तंभ भरीव असतो आणि भार पेलतो. कॉलम पोकळ नळी असते आणि ती भरावी लागते. 'स्तंभ भरा' असे मी कोणत्याही प्रशिक्षणार्थीला सांगू शकत नाही.

शिक्षक :
हा आक्षेप भरलेल्या कॉलमला लागू आहे, मोनोलिथला तितकासा नाही. सिलिकाची जेल सुकताना आकसते आणि रुंद नळीच्या भिंतीपासून सुटते, म्हणून ती कांडी साच्यात वेगळी घडवून मग तिच्यावर बहुवारिकाचे घट्ट वेष्टण चढवतात. तेथे नळीच्या आधी कांडी येते, आणि ती स्वतःच्या बळावर उभी असते. तिला स्तंभ म्हणण्यास माझी हरकत नाही. केसासारख्या बारीक केशनळीत मात्र सिलिकाही जागच्या जागी तयार करता येते, तेथे आपले म्हणणे मान्य.

अध्यापिका :
आपण सारे 'वर्णलेखन' निमूटपणे स्वीकारून बसलो आहोत, याचे मला अधिक आश्चर्य वाटते. मराठीत 'वर्ण' म्हणजे अक्षरही; विद्यार्थी 'वर्णलेखन' वाचून वर्णमाला गिरवणे समजला तर दोष कोणाचा?

शिक्षक :
या पद्धतीचे जनक, रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खडूच्या भुकटीतून पानांतील रंगद्रव्ये वेगळी केली, तेव्हा नळीत रंगांचे पट्टे खरोखर दिसत होते. शिवाय रशियन भाषेत 'त्स्वेत' म्हणजेच रंग. 'वर्ण' सोडला तर हा सारा इतिहास पुसला जाईल.

विश्लेषक :
पण सर, आज आम्ही तपासतो ती बहुतेक औषधे रंगहीन असतात आणि त्यांचा माग अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून लागतो. येथे रंगही नाही आणि लेखनही नाही. 'विलगन' का चालू नये?

अध्यापिका :
कारण विलगन ऊर्ध्वपातनानेही होते, गाळण्यानेही होते. या एका पद्धतीसाठी तो शब्द फार सैल आहे.