'फ्युअर दॅन थ्री डेज' म्हणे!

काटछाट (धागाकर्ता)

मंडळी, "इंग्रजीत थोडा कालावधी कसा लिहावा" ही पोस्ट सध्या या गटातून त्या गटात फिरतेय. त्यातली दोन रत्नं सांगतो. पहिलं, 'लेस दॅन थ्री डेज' चूक, कारण दिवस मोजता येतात, म्हणून 'फ्युअर दॅन थ्री डेज' हवं. दुसरं, 'फॉर अ शॉर्ट टाइम' हे शाळकरी, ऑफिसात 'फॉर शॉर्टर ड्युरेशन्स' लिहावं. खाली "खूप उपयुक्त सर" म्हणणाऱ्यांची रांग. काल आमच्या टीममधल्या एका मुलीने हीच पोस्ट वाचून अख्खा मसुदा 'सुधारून' आणला. जे बरोबर होतं तेवढंच नेमकं बिघडलं. म्हणून हा धागा.

दिवस मोजता येतात हे कुणी नाकारत नाही. पण 'तीन दिवसांच्या आत' म्हणताना आपण सुटे दिवस मोजत नसतो, वेळेचा एक सलग तुकडा मापत असतो. म्हणून तर 'थ्री वीक्स इज टू लाँग' म्हणतात, तिथे 'आर' येत नाही. वेळ, अंतर, पैसा, वजन, सगळीकडे हेच. 'फ्युअर दॅन फाइव्ह माइल्स अवे' असं कोणी बोलतं का? दिवस खरंच सुटे मोजले असतील, म्हणजे या महिन्यात पावसाचे दिवस कमी होते असं म्हणायचं असेल, तर खुशाल 'फ्युअर रेनी डेज' म्हणा.

आणि या नियमाचा उगम बघा. १७७० साली रॉबर्ट बेकर या गृहस्थांनी इंग्रजी भाषेवरच्या आपल्या पुस्तकात लिहिलं की शंभरासारख्या संख्येबरोबर 'लेस'पेक्षा 'फ्युअर' मला जास्त डौलदार आणि जास्त काटेकोर वाटतं. 'मला वाटतं', बस. त्याआधी नवव्या शतकात, इंग्लंडमधल्या राजा आल्फ्रेडच्या लेखनातसुद्धा मोजता येणाऱ्या गोष्टींना 'लेस'च आहे.

आता 'शॉर्टर ड्युरेशन्स'. शॉर्टर म्हणजे कशापेक्षा? समोर दुसरा, लांबचा कालावधी असेल तर ठीक, नाहीतर ही तुलना अधांतरी लटकते. दोन दिवस असतील तर 'फॉर टू डेज' लिहून मोकळे व्हा. आकडा नसेल तर 'ब्रीफली'. 'फॉर अ पीरिअड ऑफ टू डेज' यात मधले तीन शब्द फुकटचे.

खडूमास्तर

आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. आपल्यासारख्या विद्वानांमुळेच मुलांचा गोंधळ होतो. आधी नियम पक्का होऊ द्या: मोजता येतं तिथे 'फ्युअर', येत नाही तिथे 'लेस'. अपवाद नंतर. बाराव्या वर्षी राजा आल्फ्रेड ऐकवलात तर मूल दोन्ही विसरेल. आणि पेपरात 'लेस दॅन थ्री डेज' लिहिलं की गुण कापले जातात, ते कोण परत देणार? बेकर?

काटछाट

मास्तर, गुण कापणाऱ्याला आधी वर्गात बसवा. अवधीला 'लेस दॅन' हा अपवाद नाही, कोणतंही बरं व्याकरण काढा, त्या नियमाच्या शेजारीच हे छापलेलं असतं. ती ओळ पोस्टवाल्यांनी गाळली, आणि बहुतेक तुम्हीही.

खडूमास्तर

मी काय गाळलं आणि काय शिकवलं ते माझे विद्यार्थी सांगतील. तुमचं प्रमाणपत्र नको.

कलमबहाद्दर

'अ पीरिअड ऑफ'ला फुकटचे शब्द म्हणणाऱ्याने आयुष्यात एकही मुदत मोजलेली नसावी. ब्रिटिश कायद्यांत 'द पीरिअड ऑफ ट्वेंटीएट डेज बिगिनिंग विथ द डे ऑन व्हिच...' अशी रचना जागोजागी सापडेल. ते पाल्हाळ नाही. 'बिगिनिंग विथ' म्हटलं की तो दिवस धरून मोजायचं. नुसतं 'फ्रॉम' असेल तर सहसा तो दिवस सोडून. माझ्या एका अशिलाचं अख्खं प्रकरण या एका दिवसावर लटकलं होतं. समोरच्यांनी त्यांच्या करारात असंच आटोपशीर, सुटसुटीत इंग्रजी वापरलं होतं. सुटसुटीतपणाची फी मग दोन्ही बाजूंनी भरली. अर्थात आमची.

काटछाट

वकीलसाहेब, कायद्यापुरतं मान्य. शुक्रवारच्या रजेच्या ईमेलमध्येही 'बिगिनिंग विथ' घालायचं ठरलं की कळवा.

गोळी_वेळेवर

'ड्युरेशन' शब्दाला सरसकट बदडू नका. मी औषधांची माहितीपत्रकं तपासते. वेदनाशामकांच्या पत्रकात 'लोएस्ट इफेक्टिव्ह डोस फॉर द शॉर्टेस्ट ड्युरेशन' हे येतंच येतं, आणि ते अगदी नेमकं आहे. तिथे 'फॉर अ शॉर्ट टाइम' चालणार नाही, कारण एकाचा शॉर्ट टाइम दोन दिवसांचा असतो, दुसऱ्याचा दोन महिन्यांचा. 'शॉर्टेस्ट' म्हणजे गरज संपली की थांबा.

अवांतर: पोस्टमध्ये 'टू वीक्स लीव्ह' असंही होतं, अपॉस्ट्रॉफीशिवाय. ते कुणालाच खटकलं नाही?

पूर्णविराम

खटकलं! मी तर त्यासाठीच आले होते. 'टू वीक्स लीव्ह'मध्ये वीक्सच्या एसनंतर अपॉस्ट्रॉफी हवाच. दोन आठवड्यांची रजा, षष्ठी आहे ती. २००२ चा तो 'टू वीक्स नोटिस' सिनेमा आठवतोय? नावातून चिन्ह गायब, आणि विरामचिन्हांवर पुस्तक लिहिणाऱ्या लिन ट्रस बाईंनी त्यावरून जाहीर संताप केला होता. योग्यच केला.

आळशी_संपादक

चिन्ह गेलं म्हणून कुणाला अर्थ कळला नाही? सिनेमा चालला की.

पूर्णविराम

'चाललं की' याच वृत्तीने भाषेची वाट लावली. तुमचं टोपणनाव अगदी समर्पक आहे.

आळशी_संपादक

टोपणनावावर घसरलात म्हणजे मुद्दे संपले. बरं, 'सिक्स मंथ्स प्रेग्नंट'मध्ये कुठे घालणार चिन्ह?

पूर्णविराम

मंथ्सच्या एसनंतर. अवधी आहे ना?

गोळी_वेळेवर

नाही हो! तिथे मुळीच नाही. पुढे नाम आलं (नोटिस, लीव्ह, वर्क) तर अपॉस्ट्रॉफी. विशेषण आलं (प्रेग्नंट, ओल्ड, लेट) तर काही नाही. शंका आली की आकडा एकवर आणून बघा. 'वन डेज नोटिस' म्हणताना शेवटचा एस ऐकू येतो, म्हणजे षष्ठी, चिन्ह घाला. 'वन मंथ प्रेग्नंट'मध्ये एस येतच नाही. मग सहाला कुठून येणार?

पूर्णविराम

बरं. प्रेग्नंटपुरतं सोडते. नोटिशीचं नाही सोडणार.

राजीनामाधारी

नोटीस निघालीच आहे तर सांगतो. पहिल्या नोकरीत राजीनामा दिला, त्यात 'वन मंथ्स नोटिस' लिहिलं होतं, चिन्ह विसरलो. साहेबांनी पत्राची प्रिंट काढली, त्या शब्दाभोवती लाल गोल केला, समासात '(एस.पी.)', म्हणजे स्पेलिंगची चूक, असं लिहिलं आणि परत माझ्या टेबलावर ठेवलं. का सोडतोयस, अडचण काय, एक शब्द नाही. तेव्हापासून मी 'वन-मंथ नोटिस पीरिअड' लिहितो. हायफन, एकवचन, विषय संपला.

पूर्णविराम

साहेबांचं व्याकरण तरी बरोबर होतं.

राजीनामाधारी

हो, आणि दोन महिन्यांत अर्धी टीम बाहेर पडली. सगळ्यांनी चिन्ह घालून.

कलमबहाद्दर

हायफनवाल्यात एक पथ्य आहे. 'अ टू-वीक लीव्ह' बरोबर, 'अ टू-वीक्स लीव्ह' चूक. हायफन लावलात की एस टाकून द्यायचा. निम्मे करार इथेच घसरतात.

शून्य_एक

तुमचं चालू द्या. आमच्याकडे संगणकात तारीख-वेळ लिहायचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८६०१. 'पी वन एम' म्हणजे एक महिना, 'पी टी वन एम' म्हणजे एक मिनिट. ना षष्ठी, ना हायफन. तो 'टी' विसरलात तर मात्र मिनिटाचं काम महिनाभर चालतं.

काटछाट

धागा 'फ्युअर'चा होता. गाडी रुळावर आणा रे कुणीतरी.

खडूमास्तर

रुळावरच आहे. आपली माणसं 'आय अ‍ॅम ऑन लीव्ह सिन्स टू डेज' लिहितात, त्याचं आधी बघा. 'सिन्स'पुढे सुरुवातीचा क्षण येतो: 'सिन्स मंडे'. लांबी सांगायची तर 'फॉर टू डेज', आणि क्रियापद 'हॅव बीन'. हे यायला लागलं की मग फ्युअर-लेस बघू.

काटछाट

हे मात्र शंभर टक्के मान्य. घ्या, कुठेतरी जुळलं.

खडूमास्तर

फुशारकी नको. 'लेस'चंही सांगून टाकतो. जुनी व्याकरणं काढून बघितली. अवधीला 'लेस दॅन' दिलंय, बारीक टाइपात. शिकवताना मी तरीही शेवटीच सांगेन.

आळशी_संपादक

चला, मास्तर बारीक टाइपात हरले.

गोळी_वेळेवर

एक खरा प्रश्न राहिला. मी क्लायंटला लिहिलं 'आय विल सेंड इट इन टू डेज'. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळीच विचारलं, कुठाय? म्हणे दोन दिवसांत म्हणजे कधीही.

कलमबहाद्दर

'इन' म्हणजे बहुतेकांना 'दोन दिवस उलटल्यावर' असं कळतं, 'विदिन' म्हणजे 'तोपर्यंत कधीही'. पण 'बहुतेकांना'वर विसंबू नका. 'बाय थर्सडे' लिहा. वार आला की कालावधी मोजायची भानगडच नाही.

पूर्णविराम

आणि 'थर्सडेज डेडलाइन' लिहाल तर अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी. एकच गुरुवार आहे.

आळशी_संपादक

आल्या परत.