ॲपची वर्गणी निम्मी केली तर विक्री वाढेल का?

प्रश्न: नोंदी ठेवण्याचं ॲप आहे. डाउनलोड भरपूर, पण १० डॉलरची मासिक वर्गणी घेणारे थोडेच. ५ करावी का?

उत्तर १: निम्म्या किमतीत तेवढंच उत्पन्न यायला ग्राहक दुप्पट लागतात. खरी अडचण फुकटातून पैशांकडे जाण्याची आहे, आणि ५ डॉलर हेही फुकट नव्हेच. आधी ६० ते ७० डॉलरचा वार्षिक पर्याय जोडा. तो आधीच निवडलेला ठेवा, मासिक त्याच्या शेजारीच दिसू द्या. १२ महिन्यांचे १२० डोळ्यांसमोर असले तरच ६० स्वस्त वाटतात. मात्र ‘महिन्याला फक्त ५’ हे मोठ्या अक्षरांत आणि एकूण ६० बारीक अक्षरांत, असं अजिबात करू नका. ॲपल आपल्या ॲप स्टोअरवरच्या ॲपमध्ये प्रत्यक्ष कापली जाणारी रक्कमच सर्वांत ठळक मागतं. शिवाय फसल्यासारखं वाटलेला माणूस परतावा मागतो, वर एक तारा देऊन जातो.

उत्तर २: १० चं ९.९९ जरूर करा, डावीकडचा पहिला आकडा बदलतो आणि किंमत बरीच कमी वाटते. ९.६० चं ९.५९ करून काही साधत नाही.

नव्या किमतीची चाचणी फक्त नव्या वापरकर्त्यांवर घ्या. जुन्यांच्या मनात जुनी किंमत बसलेली असते, त्यांचे आकडे मिसळले की निष्कर्ष चुकतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. मोफत मुदत संपून पहिलं नूतनीकरण होईपर्यंत थांबा आणि खरेदीची संख्या न बघता दर डाउनलोडमागे परतावे वजा जाता किती मिळाले ते बघा.