फॅमिली ग्रुपवरचा खोटा व्हिडिओ खोडला आणि मामा रुसले, आता काय करू?

कडेकडेने:
मंडळी, आधी किस्सा सांगतो मग प्रश्न. परवा फॅमिली ग्रुपवर मामांनी एक व्हिडिओ टाकला, पूल कोसळतोय, गाड्या धडाधड खाली पडतायत, वर लिहिलेलं "आत्ताच घडलंय, मीडिया दाखवणार नाही, जास्तीत जास्त शेअर करा". मला बघताक्षणी शंका आली कारण गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालल्या होत्या. स्क्रीनशॉट काढला, गूगल लेन्सला दिला, दोन मिनिटांत कळलं की भलत्याच देशातला आहे आणि कित्येक वर्षं जुना. लगेच ग्रुपवर लिंक टाकली आणि वर आगाऊपणा म्हणून लिहिलं "मामा, पाठवायच्या आधी जरा बघत जा".

झालं. मामा तेव्हापासून गप्प. मामीचा फोन आला की अरे चारचौघांत कशाला बोलायचं. आणि कहर म्हणजे दुसऱ्या दिवशी मावशीने तोच व्हिडिओ परत टाकला, माझ्या लिंकच्या बरोब्बर खाली!! त्याला पाच जणांचे "बापरे" पण आले.

मामा इंजिनिअर आहेत हो, आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशोब तपासले. तर प्रश्न असा की शिकलेली माणसं यात का फसतात, आणि त्यांना सांगायचं कसं की त्यांचा मान पण राहील?

फक्त_वाचक:
ग्रुप म्यूट करा आणि सुखी व्हा. मी तीन वर्षांपूर्वी केलाय, अजून काही बिघडलेलं नाही. (एक बारसं तेवढं हुकलं.)

निळी_शाई:
शिक्षणाचा संबंध आपल्याला वाटतो तेवढा नसतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या तिघा संशोधकांचा २०१८ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला होता, २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सव्वा लाखाच्या आसपास बातम्यांच्या साखळ्या (एकाने टाकली, मग पुढे पुढे शेअर होत गेली, ती एक साखळी) त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जायची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त आणि खऱ्या बातमीला १५०० लोकांपर्यंत पोचायला खोटीच्या सहापट वेळ. मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं ते पुढचं, त्यांनी बॉट्स, म्हणजे आपोआप पोस्ट करणारी खाती, काढून मोजलं तरी चित्र तेच राहिलं, म्हणजे मशीनवर खापर फोडायची सोय नाही, हे आपणच करतो.

कारण त्यांच्या मते नावीन्य. खोटी बातमी रचलेली असल्यामुळे हवी तेवढी चमचमीत करता येते, आणि वाचणाऱ्यांची प्रतिक्रिया आश्चर्याची नि किळसेची जास्त होती. खरी बातमी बिचारी जशी घडली तशी, बहुतेक वेळा कंटाळवाणी.

तिरकस:
@निळी_शाई अभ्यास वाचलाय, पण एक गोष्ट लोक विसरतात, त्यात फक्त फॅक्ट-चेकवाल्यांनी तपासलेल्याच बातम्या होत्या. ज्या कोणी तपासायलाच घेतल्या नाहीत त्यांचं काय? त्यामुळे "सगळं खोटं सहापट पळतं" असं जे सरसकट फिरतं ना, तो पण एक फॉरवर्डच झाला :)

आणि रचणाऱ्याला विसरू नका. २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळी मॅसेडोनियातल्या वेलेस नावाच्या छोट्या गावातली पोरं ढिगाने खोट्या बातम्यांच्या वेबसाइट चालवत होती. राजकारणाशी बहुतेकांना घेणंदेणं नव्हतं, क्लिक आली की जाहिरातीचे पैसे. मामा तिथे शेवटच्या टोकाला फुकट काम करणारे डिलिव्हरी बॉय, आणि मी पण त्यातलाच. पूर आलेल्या हायवेवर शार्क पोहतोय तो फोटो आठवतो? २०११ पासून जवळपास दर मोठ्या वादळात नव्याने निघतो, दर वेळी दुसऱ्या शहरातला म्हणून. मी दोनदा पाठवलाय. दोनदा!

जुनी_वही:
थोडं वेगळं सांगते. आमच्या नात्यातल्या एका बाईंना ऑपरेशनसाठी रक्त हवं होतं, दुर्मिळ गट, म्हणून माझ्या चुलत भावाने त्याच्या नंबरसकट मेसेज टाकला. चार तासांत रक्त मिळालं. त्या बाई बऱ्या होऊन घरी गेल्या, त्यालाही आता सात वर्षं होतील, आणि भावाला अजून फोन येतात. मध्ये तर कोणीतरी मेसेजमधलं शहराचंच नाव बदललं होतं. रात्री दोनला एक मुलगा स्टेशनवरून फोन करतोय की दादा मी पोचलोय, कुठे येऊ. भाऊ म्हणाला त्याला "अहो ते जुनं आहे" सांगताना इतकी लाज वाटली की जणू आपणच फसवलं.

हा मेसेज खोटा नव्हता हो, शिळा होता. तारीख नव्हती एवढीच चूक. म्हणून मला "फेक न्यूज" हा शब्दच अपुरा वाटतो, मामांचा व्हिडिओ तरी कुठे खोटा होता, पूल खरंच पडला होता की कुठेतरी कधीतरी. व्हिडिओ खरा, मथळा खोटा, असलंच जास्त फिरतं कारण त्याला काहीच अक्कल लागत नाही, कात्री पण नाही.

पारावरचा:
@जुनी_वही कात्री लावतात तेव्हा काय होतं तेही सांगतो. २०१८ साली मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा देशभर फिरत होत्या. त्यातला एक व्हिडिओ, बाईकवरून दोघं येतात, खेळणारं पोर उचलतात नि पसार. तो मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा, शेवटी ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात की मूल पळवायला एवढाच वेळ लागतो. तो शेवट कापला की खेळ खलास. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला असल्याच अफवेतून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. त्यामुळे "म्यूट करा, सुखी व्हा" मला नाही पटत, सॉरी.

त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्डची मर्यादा आणली, २०१९ मध्ये जगभर केली. २०२० च्या एप्रिलमध्ये डबल बाणवाले मेसेज, म्हणजे आधीच पाच किंवा जास्त हात फिरून आलेले, एका वेळी एकालाच पाठवता येतील असं केलं, आणि त्यांचंच म्हणणं की असे फॉरवर्ड ७० टक्क्यांनी घटले. म्हणजे माणूस तोच, अक्कल तेवढीच, फक्त बोटाला जरा जास्त काम पडलं तर एवढा फरक. अर्थात कॉपी-पेस्ट केलं की बाण गायब. आणि मेसेज एन्क्रिप्टेड, त्यामुळे आत काय चाललंय ते कंपनीलाही वाचता येत नाही. ट्विटरवर निदान बाहेरून मोजता तरी यायचं.

फक्त_वाचक:
@पारावरचा बरोबर आहे. राईनपाडा डोक्यातच नव्हतं माझ्या. ग्रुप अनम्यूट करतोय, १४०० न वाचलेले मेसेज आहेत, देव पाठीशी असो.

निळी_शाई:
धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही म्हणून परत आले.

मध्यंतरी एक समज पसरला होता की चूक दाखवली की माणूस उलट जास्त हट्टाला पेटतो. २०१० च्या एका प्रयोगात तसं थोडं दिसलंही होतं, पण नंतर मोठ्या प्रमाणावर करून बघितलं तर तसं फारसं सापडलं नाही, बहुतेक लोक दुरुस्ती मान्य करतात. तेव्हा सांगू नका असं नाहीये. पण मामांच्या बाबतीत तुम्ही दोन गोष्टी एका वाक्यात कोंबल्यात, "व्हिडिओ जुना आहे" आणि "तुम्हाला कळत नाही". पहिलीचं उत्तर लिंक होतं, दुसरीचं उत्तर मामांनी द्यायचं तरी काय, पंचवीस माणसांसमोर?

मामांनी तो पाठवला का याचा पण विचार करा. खराखोटा ठरवायला बसलेच नव्हते ते, पोरंबाळं रोज प्रवास करतात तर सावध असावीत एवढंच. "मामा काळजीने पाठवलंत ते कळलं, हा व्हिडिओ जुना निघाला" हे खासगीत सांगता आलं असतं, आणि ग्रुपवर त्यांनाच सांगायला लावायचं. मावशी तुमच्या लिंकवर क्लिक करणार नाही, मामांचं मात्र ऐकेल.

तिरकस:
आणि लिंक नका टाकत जाऊ हो, कोणी उघडत नाही. दोन ओळीत लिहा, "जुना आहे, इथला नाही, गाड्या बघा कुठल्या बाजूने चालल्यात". ते गाड्यांचं तुम्ही पकडलंत ना, तेच सांगायचं. इंजिनिअर माणसाला असलं आवडतं.

कडेकडेने:
सगळ्यांचे आभार. काल फोन केला मामांना. आधी दहा मिनिटं इकडचं तिकडचं, मग मीच म्हटलं मामा ग्रुपवर बोललो ते चुकलं. तर म्हणतात "अरे पण मला तो देशपांडे साहेबांनी पाठवला होता, ते कसं खोटं पाठवतील", म्हणजे मूळ दुखणं व्हिडिओचं नव्हतंच, साहेबांचं होतं. मग गाड्यांचं सांगितलं. दोन सेकंद शांत. मग "आयला, हो की रे". नंतर स्वतःच व्हिडिओ परत बघून पुलाच्या खांबांबद्दल काहीतरी बोलले ते मला कळलं नाही पण आवाजात मजा येत होती.

मावशीला त्यांनी सांगितलं. साहेबांना नाही सांगणार म्हणाले.

आता नवीनच सुरू झालंय, मिळेल तो मेसेज आधी मला पाठवतात, "हे खरं का रे". आज दुपारपर्यंत अकरा झाले. त्यातले दहा तर पाच मिनिटांत निकालात निघाले, अकरावा खरा निघाला आणि त्याचीच खात्री करण्यात माझा अख्खा लंच ब्रेक गेला.